नवे स्पीकर बसवले आणि डग्गाच गायब! (२००८ ची स्विफ्ट)

संगम_माहुली

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलचक आहे, कारण अर्धवट माहिती दिली की इथले जाणकार आधी माझीच शाळा घेतात हे अनुभवाने माहीत आहे.

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २००८ ची, एमएच ११. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा विकायची की ठेवायची यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी पर्यावरण कर भरला आणि पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलं. म्हणजे २०२८ पर्यंत ही कुठे जात नाही. म्हटलं, एवढा संसार करायचाच आहे तर निदान गाणी तरी धड ऐकू.

पुढच्या दोन दारांतले स्पीकर गाडीइतकेच म्हातारे. डाव्याच्या कोनाभोवतीची (म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची) कड कुजून भुगा झाली होती, आवाज वाढवला की फाटक्या पतंगासारखा फरफरायचा. दोष कुणाचाच नाही, सोळा-सतरा पावसाळे काढलेत त्याने. गेल्या महिन्यात पुण्याला कामाला गेलो होतो, तिथल्या एका दुकानात साडेसहा इंची नवे बसवून घेतले. जोडी ३,८०० रुपये, मजुरी ५००. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट. दुकानातल्या पोराने चाळीस मिनिटांत काम उरकलं. मी समोरच्या टपरीवरून चहा पिऊन आलो तोवर दोन्ही दारांची पॅडं जागेवर. आत काय केलं ते बघायचं राहूनच गेलं.

आता खरी गोष्ट. बाबा एसटीत कंट्रोलर होते, पण जीव तबल्यात. आजही दर गुरुवारी मठातल्या भजनाला साथीला बसतात. परत येताना ते शेजारी होते आणि पेनड्राइव्हवर त्यांची नेहमीची जुनी आकाशवाणीची रेकॉर्डिंगं. खंबाटकी चढायला लागलो तसे ते म्हणाले, "अरे, हा तबलजी डावा हात घरी ठेवून आलाय का?"

मला आधी कळेना. मग कान दिला. चाट (उजव्या तबल्याच्या काठावरचा आवाज) काचेसारखी स्वच्छ, जुन्या स्पीकरवर इतकी कधीच नव्हती. पण डाव्या हाताचा डग्गा नाही. ‘धा’चा नुसता ‘ना’ झालाय, ‘धिं’चा ‘तिं’. तीनताल चाललाय तर खाली (डग्गा गप्प असतो तो भाग) कुठली आणि भरी (डग्ग्यासकटचा) कुठली तेच समजेना, सगळीच खाली!

आणखी लक्षणं: गाणारा नेमका कुठे बसलाय ते कळत नाही. आवाज सगळीकडून आल्यासारखा आणि तरी कुठूनच न आल्यासारखा. डेकचा बास वाढवला तर डग्गा येत नाही, डावं दार मात्र टर्रर्र करतं. मागचे स्पीकर मी फेडरने बंदच ठेवतो. डेक २०१९ चा, साधा ब्लूटूथ-यूएसबीवाला, ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेला.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सर, स्पीकर हेवी आहेत, डेक खेचत नाही. अँप आणि वूफर टाका, अठरा हजारांत करून देतो." माझ्याकडे फार तर दोन-तीन हजार आहेत. ‘गाडी’ आणि ‘खर्च’ हे दोन शब्द आमच्या घरात सध्या एका वाक्यात उच्चारायची सोय नाही.

अँपशिवाय गत्यंतर नाही का? की मी स्पीकरच चुकीचे घेतले?

बासबहाद्दर

अँप टाका, विषय संपवा. नुसत्या डेकवर चांगले स्पीकर चालवणं म्हणजे लुनाला ट्रॉली जोडणं. सीटखाली बसणारा आठ इंची वूफर घ्या, डिकीची जागाही जात नाही. मी दोन वर्षांपूर्वी टाकला. दार उघडं ठेवून लावला की शेजारचे खिडक्या लावून घेतात.

रंकाळा५८

थांबा राव. खिशातला हात आधी खिशातच ठेवा.

कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगची कामं करून मला एकतीस वर्षं झाली. जुन्या फाटक्या स्पीकरवर डग्गा येत होता, नव्यावर गेला, आणि डेक तोच. मग डेकची ताकद काय एका दुपारीत कमी झाली? अँप लागतंय का नाही ते मागनं बघू.

आज एवढंच करा. बाबांना शेजारी घेऊन बसा, तेच रेकॉर्डिंग लावा. डेकच्या सेटिंगमध्ये बॅलन्स असतोय, तो पूर्ण डावीकडं न्या. नुसता डावा स्पीकर वाजला पाहिजे. डग्गा ऐका. मग पूर्ण उजवीकडं. परत ऐका. मग मधोमध. काय ऐकू आलं ते इथं लिहा. मला काय वाटतंय ते आत्ताच सांगत नाही, नाहीतर तुम्हाला तेच ऐकू येईल.

संगम_माहुली

काका, आत्ताच फाटकापाशी गाडीत बसून केलं.

नुसता डावा: डग्गा आहे. बारीक, पण आहे. नुसता उजवा: डाव्यापेक्षा बरा. मधोमध: गायब. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. एक स्पीकर वाजतो तेव्हा डग्गा असतो आणि दोन वाजले की नसतो, हे कुठल्या गणितात बसतं?

बाबा म्हणाले, "एकेकटे बरे वाजवतात, एकत्र बसवले की भांडतात. आमच्या मंडळासारखंच आहे."

रंकाळा५८

काका नका म्हणू, अठ्ठावन म्हणजे काय वय हाय काय.

एका दारात प्लस-मायनस उलटं जोडलंय. लै गाड्यांत बघितलंय. दुकानात पोरगं कंपनीचा प्लग कापतंय, दोन वायरी उरतात, कुठली कुठं ते बघायला वेळ कुणाला असतोय? आवाज तर आला, झालं काम.

कुठलं दार उलटं ते असं बघा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. डेक बाहेर ओढा आणि मागचा प्लग सुटा करा. हे पहिलं. प्लग डेकला लागलेला असताना सेल लावायचा नाही. तुमच्या डेकसारख्या, बाहेरनं घेतलेल्या डेकच्या वायरींना बहुतेक ठरलेले रंग असतात. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. प्रत्येक रंगाच्या दोन, त्यातली काळी रेघ असलेली मायनस. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग वेगळे असतील, तिकडं बघू नका. सेलचा प्लस पांढऱ्याला, मायनस काळ्या रेघेच्या पांढऱ्याला, टिचकीएवढाच वेळ. टक् असा आवाज येईल आणि स्पीकरचा कोन हलेल. तुमच्याकडं बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटा. मग राखाडीला तसंच. जाळीतनं दिसत नसेल तर आधी पॅड काढून घ्या.

स्पीकरच्या मागं दोन पात्या असतात बघा, त्यातली रुंद ती प्लस, अरुंद ती मायनस. आणि एक ध्यानात ठेवा, स्पीकरची कुठलीच वायर बॉडीला अर्थ करू नका. फार जुन्या डेकना ते चालायचं. आताच्यांची आतली आउटपुटची आयसी (चिप) उडते.

ओहम_शांती

वरच्या निदानाला अनुमोदन. मी फक्त ‘का’ सांगतो, तेवढीच माझी हौस.

दोन्ही कोन एकाच वेळी पुढे यायला हवेत. एक उलटा जोडला की उजवा हवा ढकलतो तेव्हा डावा ओढतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते. तिच्यापुढे स्विफ्टची केबिन म्हणजे काडेपेटी. एवढ्याशा जागेत एकाचा धक्का आणि दुसऱ्याची ओढ तुमच्या कानापाशी जवळजवळ एकदमच पोचतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. चाटेच्या वरच्या लहरी काही सेंटिमीटरच्या असतात. त्या अशा पूर्ण मरत नाहीत, पण डाव्या-उजव्याचा मेळ चुकल्यामुळे गायकाची जागा हरवते. त्यातून तुमची जुनी रेकॉर्डिंगं मोनो असणार, म्हणजे दोन्ही बाजूंना तंतोतंत एकच सिग्नल. वजाबाकीची बाकी शून्य.

आता वॅट. खोक्यावरचा ३०० हा आकडा विसरून जा, तो क्षणभराच्या धक्क्याचा असतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग चालणारी ताकद. तुमच्या डेकचे ५० सुद्धा तसेच, सलग तो चॅनलमागे पंधरा-वीस वॅटच देतो. पण बंद गाडीत तेवढ्याने कान भरतात. डेकवरच चालवायचे असतील तर स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटी बघावी, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. ८८ आणि ९१ मध्ये फरक तीनचाच दिसतो, पण ९१ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी वीज पुरते. तुमच्या खोक्यावर कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरांत हा आकडा असेल, शोधा.

संगम_माहुली

खोकं माळ्यावरून काढलं. आरएमएस ५०, सेन्सिटिव्हिटी ९१ डेसिबल. म्हणजे स्पीकर नेहमीच्या डेकवर चालायला बरे निघाले म्हणायचे, आणि ‘हेवी आहेत, डेक खेचत नाही’ ही थाप. रविवारी दारं उघडतो. घड्याळाचा सेल कुठला काढायचा ते हेरून ठेवलंय.

पागोळी

दारं उघडणारच आहात तर थोडं थांबून माझं ऐका. "डावं दार टर्रर्र करतं" या वाक्याकडे इथे कुणी बघितलंच नाही. वायर उलटी असल्याने दार टर्रर्र करत नाही. चाळीस मिनिटांत दोन दारं म्हणजे पॅडच्या आतला प्लास्टिकचा कागद त्या पोराने टराटरा फाडला असणार.

मी रत्नागिरीची, आमच्या २००३ च्या झेनवर हे सगळं भोगून झालंय. दाराच्या आत पाणी येतं, आणि त्यात काही चूक नाही. काच आणि बाहेरच्या रबराच्या फटीतून ते आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं, दाराची रचनाच तशी असते. ते आतल्या बाजूला, म्हणजे पॅडवर आणि तुमच्या पायाशी येऊ नये म्हणून तो प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला असतो. आमच्याकडे तो फाटका ठेवूनच पॅड लावलं गेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पायाखालचं कार्पेट पिळता येईल इतकं ओलं, आणि गाडीत असा कुबट वास की मुलगी शाळेत चालत जायला लागली. स्पीकरखाली एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) रिंग होती, ती चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगली. स्क्रू हाताने उपसून आले.

तेव्हा तुमच्या दारात एमडीएफ असेल तर काढून टाका. मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांनासुद्धा ऑइलपेंटचे दोन हात द्या. प्लास्टिकचा कागद गेला असेल तर जाड प्लास्टिक आणून ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) टेपने नवा चिकटवा. स्पीकरच्या पाठीवर, वरच्या बाजूला, पागोळीसारखं छोटं छप्पर करा, म्हणजे उतरणारं पाणी चुंबकावर पडणार नाही. आणि काहीही करा, पण तळाची भोकं बुजवू नका.

अवांतर: तुमच्या काचा बटणावरच्या असतील, पण ज्यांच्याकडे अजून फिरवायचं हँडल आहे त्यांच्यासाठी. हँडलच्या मागे लोखंडी क्लिप असते, ती स्क्रूड्रायव्हरने काढायला जाऊ नका, पॅड फाटतं. जुन्या सुती साडीची पट्टी हँडल आणि पॅडच्या मध्ये घाला आणि चांभार बुटाला पॉलिश मारताना फडकं ओढतो तशी दोन्हीकडे ओढा. क्लिप सुटते. खरं तर उडते. आमची पहिली अजून सापडलेली नाही.

बासबहाद्दर

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा वूफर स्वस्त पडेल हो.

संगम_माहुली

झालं. तारीखवार वृत्तांत देतो, कारण इथल्या तिघांचेही उपकार आहेत. (बासबहाद्दर, तुमचेही. तुमच्यामुळे ईर्ष्या आली.)

शनिवारी रात्री घड्याळातला सेल काढून ठेवला, त्यामुळे रविवारी घरात किती वाजले ते दिवसभर कुणालाच कळलं नाही. सकाळी दोन्ही पॅडं काढली. आतल्या हँडलच्या मागे स्क्रू, हाताच्या टेकूत स्क्रू, बाकी कडेने क्लिपा. तीन क्लिपा मोडल्या. काचेच्या बटणांचा प्लग काढायचा विसरून पॅड ओढलं होतं, नशीब वायर तुटली नाही.

मग डेकचा प्लग सोडवून सेलची परीक्षा. पांढऱ्या जोडीला लावला, डावा कोन बाहेर आला. राखाडीला लावला, उजवा टुणकन आत! बाबा उकिडवे बसून बघत होते. त्यांनी परत लाव म्हटलं, परत आत. उजव्या दारात कंपनीचा प्लग खरंच कापलेला होता. दोन्ही वायरी हाताने पिळून वर काळी टेप, आणि ती टेप एका महिन्यात पाघळून काकवी झालेली. वायरी अदलाबदल केल्या, डाग दिला, वर आकसणारी नळी चढवली. वेळ पंधरा मिनिटं.

पॅड न लावताच रेकॉर्डिंग लावलं. डग्गा आला, आणि गायक डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसला. मी बाबांकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "आलाय. पण अंगणात बसलाय. घरात घे त्याला."

खरं सांगतो, माझं तिथेच समाधान झालं होतं, पॅडं लावून मोकळा होणार होतो. त्यांच्या त्या वाक्याने अख्खा रविवार गेला.

पागोळीताई, तुम्ही म्हणालात ते अक्षर न् अक्षर खरं निघालं. डाव्या दारात प्लास्टिकचा कागद अर्धा फाडून लोंबत ठेवलेला, स्पीकरच्या पाठीला घासत होता. टर्रर्र तोच. शिवाय नव्या स्पीकरची भोकं जुन्या ब्रॅकेटला जुळत नव्हती म्हणून चारऐवजी दोनच स्क्रू मारलेले. खालच्या बाजूला स्पीकर आणि पत्रा यांच्यात माझी करंगळी जात होती. उजवीकडे तीन स्क्रू, फट जरा कमी. म्हणूनच त्या रात्री उजवा बरा वाजत होता! बाबांना मी विचारलं, डग्ग्याच्या भांड्याला तडा गेला तर काय होतं? म्हणाले, "वाजव कितीही, घुमणार नाही. वारा आतला आत पळतो." ओहम_शांती, तुम्ही याचं नीट शास्त्र सांगालच, पण मला एवढं पुरलं.

रिंग: गल्लीतल्या सुताराकडून १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तुकडे मिळाले, पैसे घेतले नाहीत. कापण्याआधी काच आणि चुंबक यांच्यात किती जागा आहे ते बघायचं होतं. बायकोकडून कणकेचा गोळा मागून घेतला, चुंबकाच्या पाठीवर थापला आणि काच हळूहळू पूर्ण खाली घेतली. गोळा चेपला, उरलेली जाडी पट्टीने मोजली: जेमतेम ३ मिलिमीटर. खड्ड्यात काच हलली की टेकणार. १२ ची रिंग टाकल्यावर १५ झाली. तसाच दुसरा गोळा स्पीकरच्या तोंडाकडे लावून पॅड दाबून बघितलं, जाळी कोनाला लागत नाही ना म्हणून. लागत नाही. पोळ्या दोन कमी झाल्या, पण माप चोख.

रिंगेला पेंटचे दोन हात, पत्रा आणि रिंगेच्या मध्ये फोमची पट्टी, चार-चार स्क्रू. रिंगेच्या पुढच्या कडेलाही फोम, म्हणजे आवाज पॅडच्या आत न पसरता जाळीतून बाहेर येतो. मग बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे अॅल्युमिनियमवाले शीट. सगळीकडे नाही लावले, मधल्या मोठ्या सपाट भागावर आणि स्पीकरच्या बरोबर मागे. लावण्याआधी बाहेरून टिचकी मारली की तेलाचा रिकामा डबा वाजायचा, नंतर लाकडी पाट. एक सांगतो, बाजारात छपराला लावायचा स्वस्त डांबरी पट्टा पण दाखवत होते. तो घेतला नाही. चैत्रात उन्हात उभ्या गाडीत डांबर पाघळून कुठे कुठे उतरेल आणि काय वास मारेल, नको तो प्रयोग.

कुलपाची लोखंडी सळई दाराच्या आत मोकळी लटकत असते, ती पण कापडी टेपने गुंडाळली. नवं प्लास्टिक लावण्याआधी काचेवर वरून दोन तांबे पाणी ओतलं. उजव्या दारातून लगेच खाली धार. डाव्यातून काहीच नाही! तळाची दोन्ही भोकं चिखलाने गच्च. खराट्याची काडी घालून उकरली तर मातीबरोबर कागदाचा लगदा, आणि लगद्यात ओळखू येईल अशी एक पावती: आनेवाडी टोलनाका, २०१४. बाबा टोलची पावती डॅशबोर्डवर काचेला लावून ठेवायचे ना, त्यातल्या किती दारात उतरल्या कोण जाणे. फास्टॅगने देशाचं काय भलं केलं ते माहीत नाही, माझ्या दाराचं केलं.

तळाशी दोन रुपयाएवढा गंज धरलाय. घासून प्रायमर मारला. अजून एक-दोन पावसाळे गेले असते तर स्पीकरऐवजी दारच बदलावं लागलं असतं.

खर्च: शीट १,४५०, फोमची पट्टी १२०, पोवई नाक्यावरून क्लिपा ३०, पेंट, प्लास्टिक आणि सटरफटर २१०. एकूण १,८१०.

संध्याकाळी गाडी घेऊन बाबांबरोबर लिंब फाट्यापर्यंत जाऊन आलो. तीनताल लागला. ते मांडीवर बोटांनी धरत होते. नवव्या मात्रेला त्यांनी हात नुसता हवेत फिरवला, खाली दाखवतात तसा, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली.

आता एकच कटकट राहिली आहे. आवाज २५ च्या पुढे नेला आणि डग्ग्यावर लांब घिस्सा (मनगट घासून काढलेला घुमारा) आला की उजव्या दारात बारीक ‘झुंई’ होतं. कशाचं?

रंकाळा५८

उजव्या दाराच्या कुलपाच्या सळईला जिथं प्लास्टिकचा खटका असतोय तिथं बघा, तो सुटला असेल. नाहीतर डाग दिलेली वायर पत्र्याला लागत असेल, तिला पट्टीनं बांधा. काम नीट केलंयसा. प्लग कापणाऱ्या पोराला घेऊन या एकदा कोल्हापूरला, तांबडा-पांढरा घालतो आणि दोन कानशिलात पण.

ओहम_शांती

डेकच्या सेटिंगमध्ये हायपास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचा खर्ज गाळणारा) असेल तर ६० किंवा ८० हर्ट्झला लावा, आणि ‘लाउडनेस’, ‘बास बूस्ट’ दोन्ही बंद ठेवा. साडेसहा इंची कोनाला त्याखालचं काम जमत नाही, तो उगाच आपटत राहतो. डग्ग्याचा बराचसा ऐवज त्याच्या वरच असतो. ८० ला घुमारा कमी वाटला तर ६० करा. आणि बाबांचं ‘वारा आतला आत पळतो’ हेच शास्त्र आहे. कोनाच्या पुढचा दाब फटीतून मागच्या पोकळीत निसटतो, कारण तिथे त्याच क्षणी ओढ असते. मी यात एक अक्षरही घालणार नाही.

पागोळी

पाण्याचे दोन तांबे ओतून बघितलेत, जीव सुखावला. रिंगेची मापं द्याल का? आमच्या वॅगनआरला याच दिवाळीत करायचंय.

संगम_माहुली

रंकाळा५८, खटकाच होता! अर्धा सुटून सळईवर नाचत होता. बसवला, झुंई गेली. हायपास ६० ला ठेवलाय. ८० ला बाबांनी नाक मुरडलं.

पागोळीताई, माझ्या रिंगेचा आतला व्यास १४४ मिलिमीटर, बाहेरचा १७०, जाडी १२. पण हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. १४४ हा माझ्या स्पीकरबरोबर आलेल्या कागदावरचा आहे, तुमच्या स्पीकरचा वेगळा असेल, आणि वॅगनआरच्या दाराची भोकं मी बघितलेली नाहीत. आधी पॅड काढून जुन्या ब्रॅकेटवर पुठ्ठा ठेवा, पेन्सिलने भोकं उमटवून घ्या आणि तो पुठ्ठा सुताराकडे न्या. कणीक जरा घट्ट मळा, माझा पहिला गोळा काचेलाच चिकटून खाली गेला. तो अजून दारातच आहे.